रुळण्याचं वय

काचपट्टीवर मेंदू होता, पण मेंदूत जे हवं ते नव्हतं. काप सुरेख आला होता, कडा शाबूत होत्या, कुठे घडी नाही की बुडबुडा नाही. जिथे गडद तपकिरी ठिपक्यांची नुसती दाटी असायला हवी होती तिथे मात्र चार-दोन ठिपके, तेही पाणी घातलेल्या चहाच्या रंगाचे. तिने भिंगावरून डोळे बाजूला केले, चष्मा पदरासारख्या लांब अ‍ॅप्रनच्या टोकाने पुसला आणि पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. मग दुसरी पट्टी, तिसरी, मग त्याच गटातल्या वेगळ्या उंदरिणीची. सगळीकडे तेच. हा गट आजारी पाडलेल्या उंदरिणींचा असता तर ती खूश झाली असती, सरांना हाक मारून दाखवलं असतं. पण हा गट ज्यांना काहीही केलेलं नव्हतं त्यांचा होता. वयात येताना एक सुई, सुईत नुसतं मिठाचं पाणी, पुढे खाऊनपिऊन मजेत वाढलेल्या. दुसऱ्या गटाला त्याच वयात जंतूच्या कवचातला एक पदार्थ टोचला होता. त्यात जिवंत जंतू नसतो, पण अंगाला ते कळत नाही, अंग लढायला उठतं, दिवसभर ताप, अंग चोरून कोपऱ्यात बसणं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठाकठीक. पुढे त्या मोठ्या झाल्यावर त्यांना मादीपणाचं हार्मोन द्यायचं आणि मेंदू त्याला दाद देतो का ते पाहायचं. तपकिरी ठिपके म्हणजे त्या हार्मोनला पेशीत धरणारे रिसेप्टर. ते असले तर हार्मोनला अर्थ. ते नसले तर हार्मोन रक्तातून येतं आणि तसंच जातं, पाहुण्याने बेल वाजवावी आणि घरात कुणीच नसावं तसं.

शेजारच्या टेबलावरची सहकारीण, जिला सगळी प्रयोगशाळा ‘घाई’ म्हणायची, ती मान न वळवताच म्हणाली, “रंग बसला नसेल. पुन्हा रंगव, मोकळी हो.” घाईची सगळी उत्तरं अशी तयार असत, आणि दहातली आठ बरोबरही निघत, म्हणून तिचा जास्त राग यायचा. पण रंग बसला होता. त्याच भांड्यात, त्याच रंगात, एक पट्टी इथल्या प्राणीघरात जन्मलेल्या उंदरिणीचीही तिने टाकली होती. तिची सवयच होती तशी, प्रत्येक कामाला एक साक्षीदार ठेवायचा. ती पट्टी तिने भिंगाखाली सरकवली आणि ठिपकेच ठिपके दिसले, जणू कुणी खसखस सांडली होती. म्हणजे रंग चोख, हात चोख. वेगळ्या होत्या त्या उंदरिणी. एक इथेच जन्मली, इथेच वाढली. बाकीच्या बाहेरून आल्या होत्या, पुरवठादाराच्या व्हॅनमधून.

आणि व्हॅन हा शब्द मनात आला तशी ती खुर्चीत ताठ बसली. त्या व्हॅनला वेळ ठरवून दिली होती तिनेच. आधीच्या खेपेला दूध तुटल्या तुटल्या पाठवलेली पिल्लं आली होती, अंगठ्याएवढी, आणि त्यातली काही खोक्यातच मरून पडलेली. तिला वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं की ती लगेच काहीतरी करते. नुसतं वाईट वाटून घेत बसायची तिला सवय नाही. तिने पुरवठादाराला फोन लावला होता आणि म्हणाली होती, “इतकी कोवळी नका हो पाठवू. जरा मोठी होऊ द्या. प्रवास सोसण्याइतकी मोठी आणि इथे रुळण्याइतकी लहान, असं मधलं वय बघा.” पुरवठादार म्हणाला होता, “तुम्ही म्हणाल तसं, मॅडम.” आणि त्याने इमानेइतबारे मधलं वय बघितलं होतं. नेमकं तेच वय, ज्या वयात ती इतरांना सुया टोचून आजारी पाडणार होती. तापाचा परिणाम मोजायला निघालेल्या बाईने प्रवास हिशेबात धरलाच नव्हता, कारण प्रवास म्हणजे काही आजार नव्हे. खोक्यात भुसा होता, पाण्याची सोय होती, व्हॅन गार ठेवलेली होती. पोचल्या तेव्हा सगळ्या जिवंत. केस चकचकीत, वजनं उत्तम. दोन दिवसांत पिंजऱ्यातल्या चाकावर पळायला लागल्या होत्या. कशा छान रुळल्या, असं ती स्वतः घाईला म्हणाली होती.

फोन वाजला. नवरा होता. नवऱ्याचा आवाज फोनवर नेहमी एखाद्या लग्नघरातून बोलल्यासारखा येतो. “अगं, सामान सगळं गाडीत बसलं. टिल्लूचा टेबललॅम्पसुद्धा बसला. तू म्हणत होतीस बसणार नाही.” “तिचा ताप?” “आहे थोडा. गोळी दिलीय. उद्या पहाटे निघालो की मागच्या सीटवर झोपून जाईल, कळणारही नाही तिला. घसा दुखतोय म्हणून बोलत नाहीये, तेवढीच शांतता.” ती ‘बरं’ म्हणाली. ‘बरं’ हा तिचा शब्द. नवऱ्याची बदली झाली तेव्हा बरं, नवरा आधी पुढे जाईल आणि ती प्रयोग संपवून काही महिन्यांनी येईल असं ठरलं तेव्हा बरं. टिल्लूने मात्र आताच जावं, तिथे आत्याकडे राहावं, शाळेच्या सुरुवातीपासून नव्या वर्गात बसावं, हा तोडगा तिचा स्वतःचा. “मध्येच नेली तर बावरेल. आता नेली तर रुळेल. याच वयात मुलं पटकन रुळतात.” नवऱ्याने लगेच मान डोलावली होती. टिल्लूला विचारलं तर ती म्हणाली होती, “चालेल.” टिल्लू हे नाव ती वीतभर होती तेव्हाचं, आता ती आईपेक्षा बोटभर उंच आहे, गेल्या वर्षभरात तिची एकेक विजार घोट्याच्या वर गेली आहे, आणि नाव बदलायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. फोन ठेवल्यावर आपला हात भिंगाच्या चकतीवर तसाच आहे हे तिला दिसलं. हात थरथरत वगैरे नव्हता. तिचे हात कधी थरथरत नाहीत, म्हणून तर काप सुरेख येतात.

सरांच्या खोलीत ती उभ्या उभ्याच बोलली. सर तिच्याहून फार मोठे नव्हते, पण टकलामुळे आणि हळू बोलण्यामुळे सगळ्यांचे वडील वाटायचे. त्यांनी ऐकून घेतलं, पेन टेबलावर आडवं ठेवलं. “म्हणजे दोन्ही गट बिघडलेले.” “हो, सर. एकाला ताप आणि प्रवास, एकाला नुसता प्रवास.” “मोठी असती तर?” “मोठ्या वयाच्यांना आणतोच की आपण कधीकधी. त्यांना काही होत नाही. अगदी कोवळी असती तरी बहुधा झालं नसतं.” “मधलीच तेवढी.” “मधलीच.” दोन वर्षांचं काम पाण्यात गेल्याचं दुःख सरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याच्याच शेजारी एक लहानसा आनंदही, जो संशोधकाला वाईट बातमीतूनही होतो आणि ज्याची त्याला थोडी लाज वाटते. “बाई, व्हॅनमध्ये बसून मेंदू बदलतो, हे तर तुमच्या सुईपेक्षा मोठं प्रकरण आहे.” मग स्वतःला आवरून म्हणाले, “पण पुन्हा करावं लागेल. सगळं इथेच जन्मलेल्यांवर. वर्ष जाईल. तुम्ही तर निघणार होतात ना?” तिने विचारलं, “सर, परत येतात का?” “कोण?” “रिसेप्टर. पुढे कधीतरी, खूप वेळ गेल्यावर.” सर तिच्याकडे बघायला लागले. “हे मला विचारता? या इमारतीत ते सांगू शकेल असं कुणी असेल तर ते तुम्ही.” “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कोण थांबलंय बघायला? आपण मेंदू काढून घेतो.”

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुकानांच्या पाट्या लागत होत्या, एक माणूस शिडीवर चढून बल्ब बदलत होता, आणि तिच्या मनात व्हॅनच्या जागी हळूहळू एक टेम्पो येऊन उभा राहिला. तो कधीचा येऊ पाहत होता. तिनेच दुपारपासून त्याला दाराबाहेर ठेवलं होतं. तेव्हा ती टिल्लूएवढीच, आई इस्पितळात, दुखणं लांबणारं. वडिलांनी दोन दिवस डोक्याला हात लावून विचार केला आणि तिला मावशीकडे पाठवायचं ठरवलं. ओळखीच्या ड्रायव्हरचा टेम्पो त्याच गावाला कपाटं घेऊन चालला होता. तिला ताप होता. वडिलांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “हवा लागली की उतरेल.” त्यात निर्दयपणा काही नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. डिझेलचा वास, मागे कपाटांची दारं उघडझाप करतायत, ड्रायव्हर भला माणूस, दर थोड्या वेळाने विचारणार, “थांबवू का, पोरी?” आणि ती म्हणणार, “नको, काका.” उलटी आली ती तिने तोंडातच धरून गिळली, कारण सीट दुसऱ्याची होती. मावशीच्या घरी आठवडाभर ताप, मग बरं. मग शाळा, मैत्रिणी, पहिला नंबर. मावशी येईल जाईल त्याला सांगायची, “एवढी शहाणी पोर, एकदा म्हणून रडली नाही.” लोक तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. कौतुकाची सवय लागते आणि मग रडणं परवडत नाही. पण हे झालं तिचं मोठेपणीचं स्पष्टीकरण. खरं एवढंच आठवतं, की ती रडू दाबत नव्हती. रडू येतच नव्हतं. आत जाऊन शोधलं असतं तरी सापडलं नसतं.

वर्ष उलटून गेल्यावर आई बरी होऊन तिला न्यायला आली. मावशीच्या दारात उभी, वाळलेली, केस कापलेले, हातात पिशवी. त्या क्षणाची तिने इतके महिने वाट पाहिली होती, निदान वाट पाहायची असते म्हणून पाहिली होती. समोर आई होती आणि आत काडीइतकंही हललं नाही. तिने पुढे होऊन आईच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. आई म्हणाली, “मोठी झालीस गं.” आईचा चेहरा तेव्हा कसा झाला होता हे तिला नीट दिसलं होतं, आणि अर्थ मात्र अनेक वर्षांनी, आई गेल्यानंतर कळला, एका साध्या दुपारी, हातमोजे काढताना. पुढे लग्न झालं, नवरा बोलका मिळाला, तिच्या वाटचं तोच बोलायचा. तिला घरात लाडाने ‘फ्रीज’ म्हणायचा; मग एकदा भांडणात तोच शब्द वेगळ्या आवाजात म्हणाला आणि त्यानंतर त्याने तो कधीच वापरला नाही. टिल्लू झाली तेव्हा नर्सने ते गाठोडं तिच्या छातीवर ठेवलं. इतर बायांकडून ऐकलेला तो लोंढा आता येईल, मग येईल, म्हणून ती पडून राहिली होती. लोंढा आला नाही. तिने बाळाची बोटं पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या, श्वास पाहिला, आणि मनाशी म्हणाली, ठीक आहे, हिला काही कमी पडू द्यायचं नाही. आणि खरोखर काही कमी पडू दिलं नाही. लस, डबा, गृहपाठ, दात, नखं. प्रेम नसेल तर प्रेमाचं सगळं काम आपण करू, अशा हिशेबाने ती बारा वर्षं डोळ्यांत तेल घालून राबली होती. मुलीला फरक कळला असेल का, हा प्रश्न तिने कधी स्वतःला विचारला नव्हता. बसमध्ये तो तिच्या शेजारी येऊन बसला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. हे वाक्य ती नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, दटावून सांगते. एका टेम्पोवरून एका बाईचं आयुष्य समजावून द्यायचं म्हणजे भाबडेपणाची हद्द झाली. कितीतरी मुली तापात टेम्पोतून गेल्या असतील आणि पुढे धो धो रडणाऱ्या, पोरांचे मुके घेणाऱ्या बाया झाल्या असतील. कदाचित ती जन्मतःच अशी असेल. तिच्या बाबतीत दुसरा गट नव्हता, घरी राहिलेली, न हललेली दुसरी ती कुठे नव्हती, जिच्याशी ताडून पाहावं. इतका वेळ ती नेटाने असा विचार करत होती आणि तरीही तिच्या थांब्याच्या आधीचाच थांबा आला तेव्हा उतरून भरभर चालायला लागली, कारण पुढच्या सिग्नलला बस रखडते आणि तिला आता रखडायचं नव्हतं.

घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत दोरीने बांधलेली खोकी, नवरा घामाघूम, खूश. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. “झोपलीय,” तो म्हणाला. “सूप दिलं, अर्धं प्यायली.” ती आत जाऊन कपाळाला हात लावून आली. कपाळ चांगलंच तापलेलं होतं. नवऱ्याचा ‘थोडा’ नेहमी असाच असतो. बाहेर येऊन ती खोक्यावरच बसली आणि म्हणाली, “टिल्लू उद्या येणार नाही.” “परवा निघू म्हणतेस? चालेल की, ताप उतरू दे.” “परवाही नाही. हे वर्ष ती इथे राहील.” नवरा हसला, मग हसायचं थांबला. “आत्याने खोली लावून ठेवलीय. शाळेत नाव घातलंय. ही तुझीच कल्पना होती ना?” “होती.” “मग आता काय झालं?” तिने बसमध्ये सगळी मांडणी करून ठेवली होती, मुद्द्यांना धरून, आणि ती बोलायला लागली: आज काय दिसलं, पट्ट्या कशा रिकाम्या निघाल्या, पुरवठादाराला तिने काय सांगितलं होतं, मधलं वय म्हणजे काय. नवरा ऐकत होता. शहाणा माणूस, दुसऱ्याचं म्हणणं संपू देणारा. संपल्यावर म्हणाला, “अगं, पण टिल्लू काय उंदीर आहे?” “नाही.” “तुझ्या त्या ठिपक्यांवरून तिचं काही सांगता येतं?” “नाही. मुळीच नाही येत.” “तू गेलीच होतीस की मावशीकडे. झालीस ना एवढी मोठी? काय वाईट झालं तुझं?”

या प्रश्नाचं उत्तर त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. ते त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो खाली बसला आणि उगीचच दोरीची एक गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. “मग अडवतेस कशावरून?” तो हळू आवाजात म्हणाला. “मला एक तरी कारण दे. ताईला फोन करून काय सांगू?” कारण नव्हतं. दिवसभर ज्याला कारण म्हणत ती घरापर्यंत आली होती ते नवऱ्याच्या एका प्रश्नाने गळून पडलं होतं, आणि तरी तिचं म्हणणं जागचं हललं नव्हतं. ते कशाच्या आधारावर उभं आहे हे ती बघायला लागली, आणि बघता बघता बोलून गेली. “मला ती इथे हवी आहे.”

एवढंच. वाक्य अगदीच साधं, रोज हजार घरांत बोललं जाणारं. पण या घरात हे वाक्य नवीन होतं. तिला कधी काही हवं नसायचं. साडी असो, सहल असो, माणूस असो, ती म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं. नवऱ्याने दोरी सोडून दिली. “हे आधी सांगायचंस.” “आधी माहीत नव्हतं.” “आणि मी?” तो म्हणाला, अर्धा थट्टेत. “मी एकटा जाऊ?” “तू जा. मोठ्यांना काही होत नाही.” “होतं गं,” तो म्हणाला. “थोडं होतं.” त्याचा ‘थोडा’ नेहमी कसा असतो ते तिला आठवलं. ती उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली, आणि दोघांनी मिळून ती गाठ सोडवली.

आतून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग खोकला नाही हे कळलं. आतल्या दाराला कान नसतात असं समजणारे आईबाप जगात सगळीकडे आहेत. ती आत गेली. टिल्लू भिंतीकडे तोंड करून, लांब पाय पोटाशी घेऊन, उशीत हुंदके देत होती. दुखऱ्या घशाने, बेसूर, नाक वाहतंय, लाज सोडून. किती दिवसांचं होतं कोण जाणे. ‘चालेल’ म्हणाली त्या दिवसापासूनचं असेल. एरवी आई म्हणाली असती, रडू नकोस, ताप वाढेल. आज ती काही म्हणाली नाही. पलंगाच्या कडेला बसली, पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती आणि हुंदक्यासरशी हलत होती. आपल्या आत काही होतंय का, याचा तिने सवयीने अंदाज घेतला. घशाशी काही आलं नाही, डोळे कोरडे. फक्त हात उचलावासा वाटत नव्हता.

टिल्लूने कूस बदलली, सुजलेल्या डोळ्यांनी वर पाहिलं. “तू का नाही रडत?”

“मला येत नाही गं.”

मुलीने तिचा चेहरा नीट निरखला, एखादी वस्तू खरी आहे की नाही ते बघावं तसा. मग भिंतीकडे सरकून पलंगावर जागा केली. “मग इथेच बस,” ती म्हणाली, आणि राहिलेलं रडायला लागली.